तिसऱ्यांदा विचारायचं

आयुष्यभर काय शिकवलंत, असं कुणी विचारलं की मी सांगते, दुखणं शिकवलं. ऐकणारा गोंधळतो. मग फोड करून सांगावं लागतं.

मिशनच्या एका हॉस्पिटलात नर्स व्हायला मुली यायच्या. केरळातून, गोव्यातून, कुठून कुठून. त्यांना इंग्रजी यायचं, औषधांची नावं तोंडपाठ असायची, पण खाटेवरची बाई असायची गिरणगावातली. ती म्हणणार, "बाय, कमरेत चमक भरलीय." नाहीतर ठणका लागलाय, कळ येऊन जाते, मुरडा मारतोय, नुसतं हुळहुळतंय. या मुली सगळ्याला इंग्रजीत एकच शब्द लिहून मोकळ्या व्हायच्या. आता चमक म्हणजे ठणका नव्हे. ठणका नाडीसारखा उडत राहतो, कळ लाटेसारखी येते नि ओसरते, चमक विजेसारखी जाते. डॉक्टरला यातलं नेमकं कळलं तर अर्धं काम झालं. आठवड्यातून दोन दुपारी, चादरी वाळत घालायच्या गच्चीवर मी हे शिकवायचे. एका केरळच्या मुलीनं मला विचारलं होतं, "टीचर, दुखण्याला एवढे शब्द, मग तुमच्याकडं सुखाला किती?" मी म्हटलं, "एकच. 'बरं आहे.'"

आता माझं स्वतःचं शिक्षण सातवी फायनल. मला ही नोकरी दिली कुणी? तर ती मिळाली एका नाताळात, एका चिनी मुलीमुळे आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे. ते सांगायला बसले आहे.

माझे वडील गोदीत हमाल होते. परदेशी मालाची फुटकी खोकी घरी यायची, चुलीला. फळ्यांवर इंग्रजी छापलेलं असायचं, आणि फळी चुलीत जायच्या आधी मी ती वाचून घ्यायचे. 'जपून हाताळा', 'ही बाजू वर', 'ओल लागू देऊ नये', ही माझी पहिली इंग्रजी वाक्यं. वडील म्हणायचे, "पारू, भाकरी करपली तरी चालेल, पण अक्षर करपू नकोस." पुढं रद्दीवाल्याकडून एक डिक्शनरी मिळाली. तिची 'एस'पासून पुढची पानं गायब होती. त्यामुळं माझं इंग्रजी बरीच वर्षं 'आर'पर्यंतच होतं. 'सॉरी' आणि 'थँक यू' मी फार उशिरा शिकले.

लग्न होऊन मी घोडपदेवच्या चाळीत आले, आणि चाळीतल्या लोकांचे इंग्रजी कागद वाचून द्यायला लागले. त्याच सुमारास वडिलांच्या गोदीतल्या एका चिनी मित्राला मुलीसाठी इंग्रजी शिकवणारं कुणीतरी हवं होतं. हा माणूस जहाजांचा सुतार. बापलोकांनी आपसात ठरवून टाकलं. मला निरोप तेवढा आला की सोमवारपासून माझगावला जायचं.

माझगावात बंदराकडं उतरणाऱ्या गल्ल्यांत तेव्हा चिनी लोकांची बरीच घरं होती. कुणी दातांचे डॉक्टर, कुणी बूट शिवणारे, बहुतेक गोदीत. एका घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचं देऊळ होतं, लाल तोंडाचा, लांब दाढीचा देव. मी गल्लीत शिरले की पोरं खेळ थांबवून बघायची. चीन काही मी पाहिला नाही, पण परदेशात मास्तरीण म्हणून गेल्यावर कसं वाटत असेल, ते मला त्या गल्लीनं दाखवलं. घोडपदेवपासून चालत वीस मिनिटांवर मी परदेशी होते.

घरात तिघं माणसं. सुतारकाका, त्यांची मुलगी मेई, आणि मेईच्या आईची आई. आजीला ते पोपो म्हणायचे, म्हणून मीही पोपोच म्हणायला लागले. मेई एकोणीस वर्षांची, जन्म मुंबईतला. शाळा चिनी भाषेतली, बाकी सगळं गल्लीतलं. बोलायची आमच्यासारखंच, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. पोपोला तिची भाषा सोडून कुठलीच येत नव्हती. मेई मधे बसून दोन्हीकडचं सांगायची.

पहिल्याच दिवशी पोपोनं मला खालून वर पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मेई म्हणाली, "ती विचारते, तुम्ही कुठल्या देवाच्या?"

आम्ही दीक्षा घेऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी ताठ बसून सांगितलं, "आम्ही बौद्ध."

पोपोनं विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, गेल्या वर्षीपासून. हे कळल्यावर ती पिढीजात बुद्धाची म्हातारी एवढी हसली की तिला ठसका लागला. मग माझा हात थोपटून काहीतरी बोलली. मेई म्हणाली, "ती म्हणते, नवीन आहेस, शिकशील हळूहळू."

घरी येऊन मी हे आमच्या ह्यांना सांगितलं. हे गिरणीत साच्यावर होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या एकाही मोर्चाला चुकायचे नाहीत. त्या वर्षांत आमच्याकडची भिंत न् भिंत 'झालाच पाहिजे'नं रंगलेली. हे म्हणाले, "बघा, नवरा मराठी राज्य आणायला लाठ्या खातोय, आणि बायको चिन्यांना इंग्रजी शिकवतेय."

मी म्हटलं, "राज्य आलं की त्यांना मराठी शिकवीन. आधी तुम्ही आणा तर."

मेईलाही त्या घोषणांचं कुतूहल होतं. एकदा वही बाजूला सारून तिनं विचारलं, "टीचर, मुंबई महाराष्ट्राची झाली की आम्ही कुणाचे?"

"आमचेच की. आणखी कुणाचे?" मी म्हटलं. अगदी सहज म्हटलं.

मेईला नर्स व्हायचं होतं. का, ते तिनं एकदाच सांगितलं. तिची आई त्याच मिशनच्या हॉस्पिटलात वारली होती. शेवटचे दोन दिवस ती काहीतरी मागत होती, आणि तिथं कुणालाच ते कळत नव्हतं. मेई लहान म्हणून तिला दाराबाहेर बसवलं होतं. "ती काय मागत होती ते मला आतून सांगता आलं असतं," एवढं बोलून ती वहीत बघायला लागली.

हॉस्पिटलची लेखी परीक्षा ती पास झाली. डिसेंबर लागल्यावर एक कार्ड आलं. नाताळच्या दिवशी दुपारी मेट्रनबाईंबरोबर चहा, अर्ज केलेल्या सगळ्या मुलींना. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सांची मुख्य. ती इंग्रज बाई होती. जानेवारीत नवी तुकडी घ्यायची होती, आणि खरी निवड चहाच्या टेबलावर होते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सुतारकाकांचं म्हणणं सरळ होतं. जागा मिळाली तर शीक. नाही मिळाली तर आपल्या नव्या वर्षाला, म्हणजे फेब्रुवारीत, कलकत्त्याला लग्न. मुलाच्या घरी चामड्याचा कारखाना होता. मी मेईला विचारलं, "मुलगा कसा आहे?"

"फोटो चांगला आहे टीचर. पण फोटोत कलकत्ता नाही."

म्हणजे माझ्यावर आली नाताळची जबाबदारी. आता गंमत बघा. शिकवणारी आदल्या वर्षी बौद्ध झालेली. शिकणारी लाल तोंडाच्या देवाची. दोघींनीही जन्मात नाताळ केलेला नाही. पण माझगावात ख्रिस्ती वस्ती पुष्कळ, म्हणून आम्ही तो सबंध महिना नाताळचा अभ्यास केला. खिडक्यांतून बघायचं. कागदाच्या चांदण्या कशा टांगतात, गवताच्या गोठ्यात बाळाला कुठं निजवतात, बाळ चोवीस तारखेपर्यंत का ठेवत नाहीत. पोपोला कागदकामाची कला येत होती. तिनं एका बघण्यात तसली चांदणी करून दिली, फक्त लालभडक आणि सोनेरी झालरीची. आम्ही ती मेट्रनबाईंना भेट न्यायचं ठरवलं.

कोपऱ्यावरच्या बेकरीत एक गोवेकर काका असायचे. त्यांना मी विचारलं, "काका, नाताळच्या चहाला गेल्यावर काय करतात?"

"खातात," काका म्हणाले.

"तसं नव्हे. बोलतात काय?"

"खाताना कोण बोलतो?"

"मेट्रनबाई इंग्रज आहेत हो."

काकांनी पाव मोजायचं थांबवलं. "मग हवेबद्दल बोला. इंग्रजांना हवा आवडते."

आम्ही हवेची चार वाक्यं बसवली. डिसेंबरात मुंबईच्या हवेबद्दल खरं तर एकच वाक्य होतं. बाकीची तीन आम्ही इंग्लंडच्या हवेवर काढली.

कपड्यांवरून वाद झाला. मेईला पांढरा फ्रॉक घालायचा होता, नर्ससारखा. पोपो म्हणाली, पांढरं मेल्यावर घालतात, सणाला नाही. मी म्हटलं, "आम्ही तर दीक्षेला पांढरंच नेसलो होतो." पोपो विचारात पडली. एकाच बुद्धाची माणसं, आणि पांढऱ्याचे असे दोन अर्थ. शेवटी तिनं फ्रॉकच्या आतल्या दुमडीत लाल दोरा शिवून दिला, कुणाला दिसणार नाही असा.

मग चहाची तालीम. मेट्रन झाली पोपो. सुतारकाकांची गोदीतली टोपी डोक्यावर, पाठ ताठ, तोंड वाकडं. बशीत केकच्या जागी मी घरून नेलेल्या चकल्या. मी पोपोच्या मागं उभी राहून इंग्रजीतून म्हटलं, "केक घेणार का?" पोपोनं बशी पुढं केली. मेईनं चकली उचलली.

पोपोनं तिच्या मनगटावर फटका मारला.

"काय झालं?" मी विचारलं.

मेई मनगट चोळत म्हणाली, "लगेच घेतलं म्हणून. म्हणते, उपाशी घरची समजतील."

मला एवढा आनंद झाला की काय सांगू. कारण हेच, अगदी हेच, माझ्या आईनं मला शिकवलं होतं. कुणी काही दिलं की आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं, तरी नको. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. आई म्हणायची, पहिल्यांदा विचारतो तो रीत म्हणून, दुसऱ्यांदा विचारतो तो लाजेखातर, आणि तिसऱ्यांदा विचारतो तो मनापासून. आमच्या लोकांत याला आणखी एक कारण होतं. आम्हाला चहा द्यायचा तर काही घरांत कप वेगळा काढावा लागायचा. विचारणाऱ्याची पंचाईत व्हायची. म्हणून आई म्हणायची, "पारू, पहिले दोन नको आपल्यासाठी नसतात गं. समोरच्याला मागं फिरायला वाट द्यायची असते."

हे मी मेईला सांगितलं, तिनं पोपोला सांगितलं. पोपोनं टोपी काढली आणि माझ्याकडं पहिल्यांदाच नवी म्हणून न बघता बघितलं. त्यांच्यातही तीनदाच होतं. मग आमची खात्रीच पटली. चीनमध्ये तीन, आईच्या रत्नागिरीत तीन, म्हणजे जगात तीन. इंग्रज तर सगळ्यांत सभ्य, त्यांच्यात चार नसले म्हणजे झालं.

मेईला मी दोन वाक्यं घोटून घेतली. पहिल्यांदा विचारलं की "नो, थँक यू, मॅडम." पुन्हा विचारलं की "क्वाइट शुअर, मॅडम." तिसऱ्याला हसून "येस, प्लीज." ही वाक्यं तिनं इतकी सुंदर बसवली की मला माझाच अभिमान वाटला.

नाताळच्या दुपारी मी तिला हॉस्पिटलात घेऊन गेले. ती चांदणी घेऊन आत गेली, मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आतून गाणी ऐकू येत होती, कपांची किणकिण येत होती. तासाभरानं मेई बाहेर आली. चेहरा उजळलेला.

"सगळं बरोबर झालं टीचर. हवेची चारी वाक्यं झाली. चांदणी तिनं भिंतीला लावली."

"केक कसा होता?"

"मिळाला नाही. तिनं एकदाच विचारलं. मी नो थँक यू म्हटलं, ती पुढच्या मुलीकडं गेली." मेई हसली. "विसरली असेल, खूप मुली होत्या ना."

मी बाकावरून उठले. "आणि शेवटी?"

"शेवटी एकेकीला जवळ बोलावलं. मला विचारलं, जानेवारीपासून आमच्याकडं शिकायला यायला आवडेल का?"

"तू काय म्हणालीस?"

"नो, थँक यू, मॅडम."

"मेई."

"ऐका तर. तिनं पुन्हा विचारलं, नक्की का? मी म्हटलं, क्वाइट शुअर, मॅडम. मग ती 'बरं' म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं." मेईचं हसू आता थोडं थोडं उतरायला लागलं होतं. "तिसऱ्यांदा चिठ्ठी पाठवून विचारतील ना, टीचर?"

मी तिला घेऊन फाटकाबाहेर पडले. यादी दोन दिवसांनी लागणार होती. वाटेत तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "म्हणजे त्यांच्यात नको म्हणजे नकोच?" मला वाटतं, त्या क्षणी तिला दुःखापेक्षा नवल जास्त वाटलं. मला मात्र शरम वाटत होती. मुलीला सगळं येत होतं. चुकीचं तेवढं मी शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मेट्रनला भेटायला निघाले. नेमका त्या दिवशी मोर्चा. ट्रामा बंद, रस्ता माणसांनी भरलेला. कडेनं जायला जागा नव्हती, म्हणून मी मोर्चातूनच चालायला लागले. थोड्या वेळानं बाजूला आमचे हे दिसले.

"तू? मोर्चात?" ह्यांचा आनंद तोंडावर मावेना.

"हॉस्पिटलात चाललेय. चिनी पोरीच्या कामाला."

"मग जाता जाता चार घोषणा दे. फुकट चालू नकोस."

मी दिल्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, झालाच पाहिजे. आणि ओरडता ओरडता माझ्या डोक्यात आलं, घरात दुसरा कप चहा मागायला आम्हाला जीभ उचलत नाही, आणि इथं अख्खं शहर मागतोय. तेही एकदा, सरळ. नको नाही, मग बघू नाही. म्हणजे मागता येतं की आपल्याला. हॉस्पिटलच्या फाटकाशी मी मोर्चातून बाजूला झाले तेव्हा घसा बसला होता.

मेट्रनबाई उंच, हात कामानं लाल झालेले. मी माझ्या खोक्यावरच्या इंग्रजीत सांगितलं. मॅडम, त्या मुलीचं नको, हे नको नव्हतं.

"मग काय होतं?"

"ते 'पुन्हा विचारा' होतं."

"मी पुन्हा विचारलं."

"अजून एकदा राहिलं होतं, मॅडम."

तिनं चष्मा काढला. मला वाटलं, आता बाहेर काढणार. मी आईचं सगळं सांगितलं, पोपोचंही सांगितलं. रीत, लाज आणि मन. चूक माझी, मी शिकवली, पोरीला शिक्षा नको. आणि शेवटी, मोर्चाची सवय लागली होती म्हणून असेल, म्हणाले, "तिला जागा मिळालीच पाहिजे."

मेट्रननं चष्मा पुसून पुन्हा लावला. मग तिनं भलतंच विचारलं. "बायकांच्या वॉर्डात तुमच्या भागातल्या पेशंट आहेत. रोज दूध परत पाठवतात. मला वाटायचं, त्यांना दूध आवडत नाही. किती जणी आवडत नाही म्हणून परत पाठवत असतील?"

"चला, बघू या," मी म्हटलं.

वॉर्डात पोटाचं ऑपरेशन झालेली एक मालवणकडची मावशी होती, गिरणीत कामाला. नर्सनं तिला हिंदीत विचारलं, दूध चाहिए? मावशी म्हणाली, "नको." नर्स पुढं निघाली. मेट्रननं तिला थांबवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

मी स्टुलावर बसले. "मावशी, घेताव काय वाईच दूध?"

"नको गो बाय."

"ओतून झालंय आता. परत नेलं तर फेकतील."

"फेकतील?" मावशीनं कपाकडं पाहिलं. "तू इतक्या म्हणतंस तर दी मगे."

तिनं एक कप घेतला. आणखी एक घेतला. मग मी तिसरा भरायला गेले तेव्हा तिनं कपावर आडवा हात धरला.

मेट्रननं विचारलं, "आता?"

"आता खरं नको, मॅडम. आमच्यात खरं नको तोंडानं सांगत नाहीत. हातानं सांगतात."

ती त्या हाताकडं बघत राहिली. किती वर्षं ती त्या वॉर्डातून फिरत होती, कुणास ठाऊक. खोलीत परत आल्यावर तिनं वही उघडली. "मुलीला उद्या पाठवा. माझं एक विचारणं बाकी आहे."

मी उठले, तेवढ्यात ती म्हणाली, "आणि तुम्ही? माझ्या नर्सांना हे शिकवायला याल का?"

तुम्हाला खोटं वाटेल, पण माझ्या तोंडून निघालं, "नो, थँक यू, मॅडम."

मेट्रननं एक बोट वर केलं. "याल का?"

मी जीभ चावली, पण सवय मोठी वाईट. "नको, कशाला उगीच."

तिनं दुसरं बोट वर केलं, मग सावकाश तिसरं. "याल का?"

पुढं अठ्ठावीस वर्षं मी तिथं शिकवलं.

मेईनं दुसऱ्या दिवशी पहिल्याच विचारण्याला "येस, प्लीज" म्हटलं. मेट्रन म्हणाली म्हणे, मी तीनदा विचारायला तयार होऊन बसले होते. कलकत्त्याचा फोटो परत गेला. मेई जानेवारीत भरती झाली, तीन वर्षांत पास झाली. वॉर्डात तिचं नाव 'तीनदा विचारणारी सिस्टर' पडलं होतं. दुखण्याचे शब्द तिनं माझ्याहून जास्त गोळा केले. 'जीव वर-खाली होतो' म्हणजे नेमकं काय, हे मला तिनं समजावलं, नाडी मोजून.

दरम्यान मला एक मुलगी झाली. महाराष्ट्रही झाला, मुंबईसह. चाळीत पेढे वाटले, त्यातले मी माझगावला नेले. पोपोनं दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्याला चार उचलले.

मग बासष्ट साल आलं. चीनशी लढाई झाली. माझगावच्या गल्लीत पोलिसांच्या फेऱ्या सुरू झाल्या. सुतारकाकांना गोदीत घेईनात. वॉर्डातल्या काही बायका, ज्यांना मेईनं हातानं भरवलं होतं, तिच्या हातचं पाणी नको म्हणायला लागल्या. ते नको तीनदा विचारण्यातलं नव्हतं. त्या कपावर हात धरत होत्या. मेईला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घर विकून ती माणसं हाँगकाँगला निघाली. बोट लागायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मेई आमच्या चाळीत आली. एवढ्या वर्षांत मी तिच्या घरी शेकडो वेळा गेले होते, ती मात्र पहिल्यांदाच येत होती. जिन्यावरून वर येताना गॅलरीतली माणसं बाजूला झाली. भांडी घासणारी बाई हात थांबवून बघत राहिली. शेजारच्या खोलीचं दार लागलं. मी ते ऐकलं. तिनंही ऐकलं असणार.

मेई दारात उभी होती. पांढऱ्या फ्रॉकची दुमड उसवून काढलेला तो लाल दोरा तिनं माझ्या हातात दिला. म्हणाली, "पोपोनं पाठवलाय. तुमच्या मुलीच्या फ्रॉकला घाला."

मी म्हटलं, "आत ये. जेवून जा."

"नको, टीचर."

माझ्या पाठीमागं चुलीवर भात होता. समोर, मेईच्या खांद्यावरून, गॅलरीभर उभे चेहरे. मी म्हटलं, "अगं, दोन घास तरी."

"नको, टीचर. उशीर होईल."

आईनं सांगितलं होतं ते मला पाठ होतं. पहिले दोन नको समोरच्याला मागं फिरायला वाट द्यायला असतात. मेईनं मला वाट दिली. मी फिरले.

ती लगेच गेली नाही. उंबऱ्यात थांबली, माझ्याकडं बघत, एकदा विचारायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. मग जिना उतरली.